बिनतारी निरोपाची पोंच

टपालांत पत्र टाकलें म्हणजे तें पोंचलेंच, असें व्यवहारांत कोणी धरून चालत नाहीं. कागद महत्त्वाचा असला कीं पोंचपावती मागितली जाते, आणि ती हातीं येईपर्यंत पाठविणाऱ्याचें मन स्वस्थ नसतें. जुन्या मराठी पत्रव्यवहारांत मागील पत्र पावल्याचा व त्यांतील मजकूर कळल्याचा उल्लेख उत्तराच्या आरंभींच करण्याचा प्रघात होता, तोहि याच गरजेंतून पडलेला. निरोप धाडणें हें अर्धें काम. तो पोंचला हें धाडणाऱ्यास कळणें, हें उरलेलें अर्धें. शांततेच्या काळांत हें दुसरें अर्धें अडलें तर बहुधा खोळंब्यावर निभावतें. रणांगणावर तें अडलें तर आपलाच तोफखाना आपल्याच तुकडीवर मारा करीत राहतो, किंवा जखमींना उचलून नेणारें हेलिकॉप्टर येतच नाहीं. लष्करी बिनतारी जाळ्यांत पोंचेची व्यवस्था कशी लावतात, आणि तारांच्या जाळ्यांत उत्तम चालणारे नियम हवेंत कां फसतात, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

प्रथम शब्दांची ओळख करून घेतली पाहिजे. संगणकांच्या जाळ्यांतून मोठा निरोप सबंध असा जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकाचें एकेक पुडकें बांधतात. या पुडक्यास 'पॅकेट' हें नांव सर्वत्र रूढ आहे. प्रत्येक पुडकें आपापली वाट काढतें. कोणी आधीं पोंचतें, कोणी मागाहून, कोणी मुळींच पोंचत नाहीं. म्हणून दोन्ही टोकांच्या संगणकांना आपसांत कांहीं नियम पाळावे लागतात. पुडक्यांवर अनुक्रमांक घालावा. घेणाऱ्यानें मिळालेल्या अंकांची पोंच द्यावी. ठराविक मुदतींत पोंच न आल्यास तेंच पुडकें पुन्हां धाडावें. आणि पोंचेची वाट पाहत असतां एकदम किती पुडकीं वाटेवर सोडावयाचीं, यास मर्यादा ठेवावी. या नियमांच्या संचास 'ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉल', म्हणजे वाहतुकीची नियमावली, असें म्हणतात. अशा नियमावल्यांत सर्वांत प्रसिद्ध ती टी. सी. पी. घरांतील संगणकावर एखादें पत्र उघडलें कीं अनेकदां हीच नियमावली पडद्यामागें राबत असते.

तिचा जन्म लष्करी गरजेंतून झाला, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 'आर्पा' या संशोधनसंस्थेनें १९६९ सालीं टेलिफोनच्या भाड्यानें घेतलेल्या तारांवर संगणकांचें जाळें उभें केलें. परंतु चालत्या फौजेमागें तार ओढीत नेतां येत नाहीं, आणि समुद्रावरील जहाजास तर ती बांधतांच येत नाहीं. यास्तव त्याच संस्थेंत रॉबर्ट कान यांनीं वाहनांसाठीं बिनतारी जाळें व दूरच्या टापूंसाठीं उपग्रहाचें जाळें यांच्या प्रयोगांस चालना दिली. तीन जाळीं तीन तऱ्हांचीं. त्यांनीं एकमेकांशीं बोलावें कसें? या प्रश्नाचें उत्तर कान व व्हिंटन सर्फ यांनीं मे १९७४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निबंधांत मांडलें, आणि त्यांतूनच टी. सी. पी. उदयास आली. २७ ऑगस्ट १९७६ रोजीं कॅलिफोर्नियांतील पोर्टोला व्हॅली या गांवीं एका मद्यगृहाच्या अंगणांत संगणक मांडून, बाहेर उभ्या केलेल्या व्हॅनमधील बिनतारी यंत्राच्या द्वारें तारेच्या जाळ्यापर्यंत निरोप पाठविण्यांत आला. पुढील वर्षीं, २२ नोव्हेंबर १९७७ रोजीं, धावत्या व्हॅनमधून निघालेलीं पुडकीं बिनतारी, उपग्रह व तार अशा तिन्ही जाळ्यांतून फिरलीं आणि अटलांटिक महासागर ओलांडून पुन्हां कॅलिफोर्नियांत येऊन पोंचलीं. १ जानेवारी १९८३ पासून मूळच्या तारेच्या जाळ्यानेंहि हीच नियमावली स्वीकारली. अशा रीतीनें जी नियमावली फिरत्या फौजेसाठीं जन्मली, ती वाढली मात्र तारांवर. पुढील बहुतेक अडचणींचें मूळ यांत आहे.

१९८६ सालच्या ऑक्टोबरांत एक विलक्षण प्रकार घडला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील विद्यापीठ यांमधील अंतर सुमारें चारशें यार्डांचें. त्या वाटेनें सेकंदास ३२,००० बिट जात असत. ते एकाएकीं ४० वर आले. वाट तुंबली, पुडकीं गळलीं, पोंच आली नाहीं. म्हणून जो तो तींच पुडकीं पुन्हां लोटूं लागला, आणि तुंबलेली वाट अधिकच तुंबली. अरुंद बोळांत गाड्या अडल्या असतां मागच्यांनीं पुढें रेटा दिला म्हणजे जें होतें, तेंच येथें झालें. व्हॅन जेकबसन यांनीं १९८८ सालीं यावरील उपाय विस्तारानें मांडला. पोंच न येणें ही गर्दीची खूण समजावी. वेग तत्काळ कमी करावा. आणि वाट मोकळी आढळल्यास तो बेताबेतानें वाढवावा. यामागील गृहीत त्यांनीं लपवून ठेवलें नव्हतें. बहुतेक जाळ्यांत पुडकें वाटेंत बिघडून नाहीसें होण्याचें प्रमाण शेंकडा एकाहूनहि पुष्कळच कमी असतें. तेव्हां तें हरवलें तर दोष बहुतकरून गर्दीचाच असणार. तारेपुरतें हें गृहीत खरें होतें, आणि त्या उपायानें तारेचें जाळें वांचलें.

रणक्षेत्रावरील बिनतारी जाळ्यांत हेंच गृहीत लुळें पडतें. डोंगराळ मुलखांतून जाणाऱ्या वाहनांच्या एका तांड्याची कल्पना करावी. प्रत्येक वाहनांत बिनतारी यंत्र आहे, आणि मागच्याचा निरोप पुढचा उचलून त्याच्या पुढच्यास देतो. शेवटच्या वाहनानें निरोप धाडला. पोंच आली नाहीं. याचे अर्थ किती होतात? पहिला अर्थ असा कीं, वाटेंत गर्दी आहे. दुसरा असा कीं, मध्यें टेकडी आड आली आहे, आणि वळण संपतांच मार्ग पुन्हां मोकळा होईल. तिसरा असा कीं, शत्रु त्याच लहरींवर मुद्दाम गोंगाट माजवीत आहे. चौथा असा कीं, घेणारा निरोप नीट ऐकत आहे, परंतु त्यास बोलण्याची मनाई आहे. पांचवा असा कीं, घेणारा आतां या जगांतच नाहीं.

मौन एकच, अर्थ पांच, आणि प्रत्येक अर्थास उचित अशी कृति निराळी. गर्दी असेल तर थांबावें. टेकडी असेल तर निरोप जपून ठेवावा व संधि मिळतांच धाडावा. गोंगाट असेल तर उलट पुनःपुन्हां बोलावें, किंवा लहर बदलावी. मनाई असेल तर पोंच मागूंच नये. घेणारा नष्ट झाला असेल तर तो निरोप दुसऱ्या कोणाच्या हातीं द्यावा. टी. सी. पी.ला मात्र यांपैकीं पहिला एकच अर्थ शिकविलेला आहे.

याचा परिणाम अंकांत मांडतां येतो. या नियमावलीच्या नेहमींच्या रूपांत पुडक्यांची गळती चौपट झाली कीं वेग साधारणतः निम्म्यावर येतो. शंभरांत एक पुडकें हरवत असेल तर पोंच येण्यापूर्वीं वाटेवर सरासरी बारा पुडकीं राहूं शकतात. शंभरांत चार हरवूं लागलीं कीं सहाच राहतात. वाट रिकामी आहे, निरोप तांतडीचा आहे, आणि तरीहि धाडणारा संगणक समोर गर्दी आहे अशा समजुतीनें अदबीनें मागें सरत आहे, असा हा देखावा असतो.

शत्रूच्या हातीं ही अदब शस्त्र होऊन बसते. २००३ सालीं अमेरिकेंतील राइस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनीं हें दाखवून दिलें. मुदतींत पोंच न आल्यास टी. सी. पी.नें निदान एक सेकंद थांबून मग पुन्हां प्रयत्न करावा, असा संकेत होता. त्याचा फायदा घेणाऱ्यास अखंड गोंगाट करण्याचें कारण उरत नाहीं. दर सेकंदास क्षणभर वाट तुंबविली कीं प्रत्येक नवा प्रयत्न नेमका त्याच क्षणीं आपटतो, आणि सारें दळणवळण जवळजवळ ठप्प होतें. तो प्रयोग लष्करी बिनतारी जाळ्यावर केलेला नव्हता. पण त्याचा बोध लष्करास विशेष लागू आहे. अखंड ओरडणारा शत्रु हुडकून काढतां येतो. क्षणभर ओरडून गप्प बसणारा सहजासहजीं सांपडत नाहीं.

मग उपाय काय? पहिला उपाय असा कीं, जेथें गळती होते तेथल्या तेथेंच ती भरून काढावी. तांड्यांतील निरोपास पांच टप्पे ओलांडावयाचे आहेत, आणि प्रत्येक टप्प्यावर शंभरांपैकीं नव्वद पुडकीं सुखरूप जातात, असें धरलें, तर पांचव्या टप्प्यापलीकडे अवघीं एकोणसाठ पोंचतात. हरवलेलें प्रत्येक पुडकें पहिल्या वाहनानेंच पुन्हां धाडावयाचें ठरविल्यास त्याला पांचहि टप्प्यांची खडतर वाट पुन्हां चालावी लागते. त्याऐवजीं प्रत्येक टप्प्यावरील यंत्रानें शेजाऱ्याची पोंच घ्यावी, आणि न मिळाल्यास आपणच एकंदर तीन वेळां प्रयत्न करावा. मग एका टप्प्यावर हजारांत एकच पुडकें गळतें, आणि पांचव्या टप्प्यापलीकडे शंभरांपैकीं नव्याण्णवांहून अधिक पोंचतात. श्रम थोडे, फळ मोठें. मात्र येथें एक पथ्य आहे. तारेवर ज्याची त्याची जागा वेगळी असते. हवा सर्वांची एकच. पोंच हीदेखील त्याच हवेंतून जाते व निरोपाचीच जागा अडविते. तेव्हां पुडक्यागणिक पोंच न देतां अनेकांची मिळून एकच द्यावी, हें बरें.

दुसरा उपाय असा कीं, मौनाचें कारण विचारावें. १९९६ सालीं टी. सी. पी.मध्यें एक सुधारणा मान्य झाली: अमुक पुडकीं मिळालीं आणि मधलीं अमुक नाहींत, असें घेणाऱ्यास स्पष्ट सांगतां येऊं लागलें, त्यामुळें मिळालेलींच पुन्हां धाडण्याचा फुकटचा व्याप वांचला. २००१ सालीं दुसरी सोय प्रमाण म्हणून मान्य झाली. वाटेवरील यंत्रास गर्दी होत आहे असें दिसलें तर त्यानें पुडकें फेंकून न देतां त्यावर गर्दीची खूण करून तें पुढें सोडावें. अमेरिकेचें संरक्षण खातें व नासा यांनीं मिळून उपग्रहांच्या कामासाठीं जी नियमावली आंखली, आणि जी १९९९ सालीं आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली, तिच्यांत तर गर्दी, बिघाड आणि वाट तुटणें या तीन कारणांचा भेद आरंभापासूनच केलेला आहे. बिघाडामुळें पुडकें गेलें तर वेग कमी करावयाचा नाहीं. वाट तुटली तर मुदतीचें घड्याळ थांबवून ठेवावयाचें. जें माणूस सहज बुद्धीनें करतो तें यंत्रास असें शब्दाशब्दानें शिकवावें लागतें.

कांहीं ठिकाणीं मात्र टी. सी. पी.ची डागडुजी पुरत नाहीं. दूर समुद्रांतील जहाजें उपग्रहाच्या अभावीं लघुलहरींवर बोलतात. या लहरी आकाशाच्या वरच्या थरावरून परावर्तन पावून हजारों मैल जातात. पण वेग अत्यंत तोकडा, बहुधा सेकंदास ७५ पासून ९,६०० बिट इतकाच. त्यांतहि एका वेळीं एकानेंच बोलावयाचें असतें. शिवाय खरखरीचा एकच फटकारा सबंध पुडकें पुसून टाकूं नये म्हणून बिट मागेंपुढें विखरून धाडतात, आणि लांब विखुरणीच्या योजनेंत एवढ्यानेंच सुमारें दहा सेकंदांचा विलंब लागतो. अशा वाटेवर जाऊन येऊन वीस सेकंदांपूर्वीं पोंच येणें शक्य नाहीं. टी. सी. पी.ची पहिली मुदत, २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या नियमाप्रमाणें, एका सेकंदाची आहे! पहिलें पुडकें विखुरणींतून बाहेर पडण्यापूर्वींच धाडणारा त्याची दुसरी प्रत रांगेंत उभी करतो, मग तिसरी, मग चौथी. सबब या लहरींवर नाटो राष्ट्रांनीं स्वतंत्र नियमावली केली आहे. तिच्यांत एकदां बोलण्याची पाळी आली कीं पुडक्यांची मोठी रास एकदम धाडतात, आणि पाळी बदलली कीं त्या सबंध राशीची एकच पोंच येते.

आतां राहिला चौथा अर्थ, हुकुमानें पाळलेल्या मौनाचा. बिनतारी यंत्रावरून बोलणारा आपला ठावठिकाणा बरोबर सांगत असतो. दोन ठिकाणच्या दिशाशोधक यंत्रांनीं रेषा आंखल्या कीं त्या छेदतात तेथें तो असतो. दुसऱ्या महायुद्धांत २४ मे १९४१ रोजीं जर्मन युद्धनौका 'बिस्मार्क' हिनें इंग्रजांची 'हूड' ही युद्धनौका बुडविली. दुसऱ्या दिवशीं पहाटे पाठलागावरील इंग्रज जहाजांस तिचा माग लागेनासा झाला. ती निसटली होती. परंतु आपण निसटलों आहों हें तिच्यावरील ॲडमिरल ल्यूटयेन्स यांस कळलें नाहीं. इंग्रजांच्या रडारच्या लहरी त्यांना जाणवत होत्या. त्यांचा प्रतिध्वनि परत जाण्याइतका बळकट उरला नव्हता, ही गोष्ट त्यांना दिसणें शक्य नव्हतें. शत्रूस आपला पत्ता लागलेलाच आहे अशा समजुतीनें त्यांनीं मायदेशीं लांबलचक बिनतारी निरोप धाडला. किनाऱ्यावरील दिशाशोधकांनीं तो टिपला. प्रारंभीं त्या रेषा नकाशावर चुकीच्या मांडल्या गेल्यामुळें कांहीं तास वायां गेले. पण २६ तारखेस विमानानें 'बिस्मार्क'ला गांठलें आणि २७ तारखेस ती बुडाली. दोन हजारांहून अधिक माणसें तिच्याबरोबर गेलीं. एका निरोपानेंच सर्व घडलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु अशा प्रसंगीं गप्प बसण्याचें मोल काय असतें, तें यावरून ध्यानांत येईल.

पोंच हेंदेखील बोलणेंच आहे. ज्या नियमावलींत घेणाऱ्यास पुडक्यापुडक्याला 'मिळालें, मिळालें' असें सांगावें लागतें, ती नियमावली लपलेल्या पाणबुडीला प्रत्येक निरोपागणिक आपला पत्ता पुकारावयास लावते. आरमारांनीं यावर फार पूर्वींच तोड काढली होती. किनाऱ्यावरील केंद्रानें सर्व जहाजांसाठीं क्रमांक घातलेले निरोप आकाशांत सोडावे. जहाजांनीं नुसतें ऐकावें. मध्यें एखादा क्रमांक गळला तर तो आपला हुकला एवढें त्यांना कळतें. हेंच तत्त्व अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या मित्रराष्ट्रांच्या ए. सी. पी. १४२ या नियमावलींत संगणकांसाठीं पद्धतशीर मांडलेलें आहे. एकच निरोप अनेकांस एकदम धाडावा. जे बोलूं शकतात त्यांनीं कोणतीं पुडकीं हुकलीं तें कळवावें. ज्यांना मौनाची आज्ञा आहे त्यांच्यासाठीं पोंचेची अपेक्षा न धरतां निरोप ठराविक वेळां पुन्हां धाडावा. मौनाची मुदत संपली कीं ते आपली थकलेली पोंच देतात, आणि तोंवर धाडणाऱ्यानें तो निरोप विसरावयाचा नसतो. येथें मौनाचा अर्थ अपयश असा नसून 'ऐकत आहे' असा धरलेला आहे, आणि हाच या नियमावलीचा विशेष होय.

वाट मिनिटभर नव्हे, तासन् तास तुटलेली राहत असेल तर आणखी एक मार्ग आहे. जुन्या डाकेंत प्रत्येक चौकीवर थैली ताब्यांत घेणारा तिचा जबाबदार होई, आणि मागचा सुटे. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या विलंबसहिष्णु जाळ्यांच्या नियमांत नेमकी ही तऱ्हा होती. मधल्या यंत्रानें सबंध निरोप आपल्या ताब्यांत घ्यावा, तशी कबुली मागच्यास द्यावी, आणि पुढची वाट उघडेपर्यंत तो सांभाळावा. दोन्ही टोकें एका वेळीं जागीं असलींच पाहिजेत, ही अट येथें उरत नाहीं.

सर्वच निरोप मात्र एवढ्या जपणुकीस पात्र नसतात. लष्करी निरोपांच्या साधा, अग्रक्रमाचा, तांतडीचा व अतितांतडीचा अशा चार पायऱ्या नाटो राष्ट्रांत ठरलेल्या आहेत. दर थोड्या सेकंदांनीं येणारा आपल्या वाहनाचा ठावठिकाणा हरवला तर तो पुन्हां मागूं नये. नवा येतच असतो, आणि जुना ठावठिकाणा उशिरां पोंचला तर उलट दिशाभूल करतो. अशा निरोपांसाठीं पोंच न मागणारी यू. डी. पी. ही साधी नियमावलीच योग्य. उलट 'मारा थांबवा' हा निरोप कितीहि वेळां धाडावा लागला तरी तो पोंचल्याची खात्री हवीच. कोणत्या निरोपास किती आग्रह धरावा हें यंत्र ठरवीत नाहीं. तें आधीं माणसानें ठरवून यंत्रास सांगावें लागतें.

यावरून तात्पर्य असें निघतें कीं, लष्करी बिनतारी जाळ्यास सर्व प्रसंगीं लागू पडेल अशी एकच नियमावली मिळणें कठीण. नियम रचणारा शांततेच्या दिवशीं मेजापाशीं बसून समोरच्या मौनाचा एक अर्थ ठरवितो. तो अर्थ युद्धाच्या रात्रीं यंत्र मुकाट्यानें अंमलांत आणतें. तेथें त्याला कोणी दुसरा अर्थ सुचवूं शकत नाहीं. म्हणून असा प्रत्येक नियम फौजेंत येण्यापूर्वीं त्याला एक प्रश्न विचारला पाहिजे: पोंच आली नाहीं तर तूं काय समजणार?

आणि पोंच आली तरी ती कशाची, हेंहि विसरतां कामा नये. आवाजी बिनतारी यंत्रावर बोलणाऱ्या इंग्रजी सैनिकांत दोन वेगळे शब्द रूढ आहेत. 'रॉजर' म्हणजे तुमचें बोलणें सबंध मिळालें. 'विल्को' म्हणजे तें समजलें, आणि त्याप्रमाणें करतों. संगणकांची पोंच, ती कितीहि बिनचूक असली, तरी पहिल्या शब्दापुढें जात नाहीं. निरोप त्या टोकाच्या यंत्रांत उतरला एवढेंच ती सांगते. तेथें तो कोणी वाचला कीं नाहीं, हें तिला ठाऊक नसतें. दुसरा शब्द अजून माणसालाच उच्चारावा लागतो.